जावयासाठी राखलेलं सालीट

बाबा आमच्याकडे राहायला आले त्या हिवाळ्यात रोज दुपारी बारा वाजता आमच्या दारात खाणावळीचा डबा यायचा. मी शिकवायचे ती शाळा सकाळची. साडेअकराला घरी येऊन मी कुकर लावलेला असायचा, कणीक भिजवलेली असायची, आमटीच्या फोडणीचा वास फाटकापर्यंत पोचलेला असायचा, आणि नेमकी तेव्हाच डबेवाल्यांची स्कूटर येऊन थांबायची. हॉर्न दोनदा. मग शेजारच्या गुजराती बेन आपल्या पायरीवरून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात मला कळवायच्या, "बेन, तमारा पप्पानुं टिफिन आव्युं!"

त्या दोन हॉर्नचा मला इतका राग यायचा की त्या वेळी लाटलेली पोळी कधी गोल झाली नाही. घरात लेक सुगरण म्हणून मिरवते आणि बाप बाहेरचं खातो, याचा लोक काय अर्थ काढतील तो काढोत. पण रागाचं खरं कारण लोक नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्या घराण्यात एक जुनी रीत होती. लग्न झालेल्या मुलीच्या घरी आईबापांनी अन्न घ्यायचं नाही. मुलीला मूल झालं की नातवंडाचं तोंड बघून, गोड खाऊन ही बंदी उठायची. माझ्या आत्यांच्या वेळी ती वर्षा-दोन वर्षांत उठली होती. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं लोटली होती. मी ते फक्त आईला सांगितलं होतं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच आई गेली. बाबांना ते ठाऊक होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. म्हणजे हिशेब सरळ होता. रीत अशी आणि मी अशी, तर बाबा माझ्या हातचं कधीच जेवणार नव्हते. रोज बाराला येणारा तो डबा मला हे रोज नव्याने सांगायचा.

आई गेल्यावर बाबा बडोद्यातच, निजामपुऱ्यात, भाड्याच्या घरात एकटे राहत होते. मला भाऊ नाही. पुढे घरमालकाला तिथे मोठी इमारत बांधायची होती, त्याने जागा मागितली. त्या दिवसांत सगळ्या बडोद्यालाच इमारती बांधायची घाई झाली होती. आम्ही राहायचो ते गोत्रीही तेव्हा अर्धं शेत आणि अर्धी सोसायटी असं होतं. माझा नवरा एका रविवारी मला न सांगता निजामपुऱ्याला गेला आणि टेम्पोत बाबांची ट्रंक, पुस्तकं, खुरपं, झारी आणि खुद्द बाबा असं सगळं घेऊन आला. फाटकातून आत येण्याआधीच बाबांनी त्याला अट घातली, "राहीन, पण जेवणाचं माझं मी बघीन."

"बरं," नवरा म्हणाला.

त्या एका 'बरं'वरून मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. म्हणजे मी बोलत नाहीये हे त्याला चार दिवसांनी कळलं. माझा नवरा कारखान्यात यंत्रांच्या मीटरांचं काम बघायचा आणि बोलायचाही मीटरसारखाच, आकडा दाखवला की झालं. मला वाटलं होतं, तो म्हणेल, बाबा, असं कसं, हे तुमचंच घर आहे. निदान थोडा आग्रह करेल. आग्रह नाही, काही नाही. सासरा घरात आला काय आणि खाणावळीत जेवला काय, याला काही फरकच पडत नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. मी त्याला अरे-तुरे करते हे बाबांना कधी आवडलं नाही. त्या दिवसांत मनातल्या मनात मी त्याला जे म्हणत होते ते तर त्यांना मुळीच आवडलं नसतं.

बाबांनी आपली अट सरकारी कायद्यासारखी पाळली. पाणी आमचं चालायचं, कारण पाणी म्युनिसिपालिटीचं. चहा मात्र नाही. सकाळी सहाला मफलर गुंडाळून आणि दुपारी चारला पुन्हा ते नाक्यावरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहा प्यायला जायचे. दुपारच्या डब्यातलं अर्धं जेवायचे आणि अर्धं रात्रीसाठी ठेवायचे. माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाही डब्याला त्यांनी हात लावला नाही. दिवाळीत मी चकल्या केल्या, शंकरपाळे केले, चिरोटे केले. बाबांनी ताटाला नमस्कार केला, "रंग सुंदर आलाय" म्हणाले आणि ताट परत माझ्या हातात दिलं. त्यानंतर ते शेजारच्या बेनकडे नव्या वर्षाचं साल मुबारक करायला गेले आणि तिथे बसून तीन मठिया आणि दोन घुगरे खाऊन आले. हे मला बेननीच सांगितलं, तेही कौतुकाने. त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

भाऊबीज झाल्यावर बाबांनी मागच्या अंगणात खुरपं चालवायला घेतलं. आमचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, सोसायटीच्या टोकाला होतं, त्यामुळे मागे दोन खाटा मावतील एवढी जागा होती. तिथे बांधकामाच्या विटांचे तुकडे, संडासाचा एक मोडका दरवाजा आणि माझी वाळत चाललेली तुळस, एवढंच होतं. बाबांनी आठवडाभर विटा वेचल्या. पलीकडच्या, गुरं राखणाऱ्या भरवाडाकडून टोपल्यांनी कुजलेलं शेण आणलं. माती चाळणीने चाळली. ती चाळणी त्यांनी बाजारातून आणली होती. मी माझी जुनी देत होते, तर नको म्हणाले.

"मेथी लावताय का?" मी विचारलं.

"मेथी तू बाजारातून आणतेसच. सालीट लावतोय."

हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. माझे आजोबा संस्थानच्या काळात सरकारी भाजीबागेवर देखरेखीला होते. तिथे पाहुण्या साहेबांच्या टेबलासाठी विलायती भाज्या पिकायच्या. त्यातली उरलीसुरली घरी यायची, म्हणून बाबा लहानपणी असल्या गोष्टी खाऊन वाढले होते. सालीट म्हणजे कच्ची खायची हिरवी पानं, आता ज्यांना सगळे लेट्यूस म्हणतात ती. तेव्हा बडोद्यात नव्या निघालेल्या एक-दोन हॉटेलांत पावाच्या मध्ये त्याचं एखादं मलूल पान सापडायचं. भाजीवाल्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. बी बाबांनी कुठून तरी शहरातून मिळवलं, कागदाच्या पुडीत. जिऱ्याहून बारीक.

बेन कुंपणावरून बघत होत्या. "काका, आ शुं वाव्युं?"

"सालीट."

"एनुं शाक थाय?"

"शाक नहीं. काचुं ज खावानुं."

बेननी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांना माझी फार दया आली होती.

बाबांचं पेरणं बघत राहावं असं होतं. मूठभर बारीक वाळूत बी मिसळून त्यांनी ते ट्रेमध्ये भुरभुरवलं, वर मातीची फक्त चिमूटभर धूळ. "हे बी पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो," ते म्हणाले. वर ओलं, विरळ विणीचं गोणपाट. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललं तर खाली हिरवी पावडर सांडल्यासारखं दिसत होतं. मग चार पानांची रोपं झाली की संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, एकेक रोप वीतभर अंतरावर लावायचं, झारीने पाणी घालायचं, पानांवर चिखल उडू द्यायचा नाही. सकाळी लारीवरून आले की ते पानाखाली हात घालून गोगलगायी शोधायचे आणि सापडलेल्या गोगलगायी कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन सोडायचे. मारायचे नाहीत.

ओळीच्या ओळी भरत गेल्या तसा मला एक मार्ग दिसू लागला. जे बाबांनी स्वतः पेरलं, स्वतः वाढवलं, ते माझं अन्न कसं? ते तर त्यांचंच. ते सालीट मी नुसतं धुऊन त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं तरी माझ्या हातचं काहीतरी त्यांच्या पोटात जाईल. मी तेवढ्यावर समाधान मानायला तयार होते. मी त्या पानांकडे डोळे लावून बसले.

डिसेंबरच्या शेवटी झाडं अशी भरली की दोन्ही हातांच्या ओंजळीत एक मावेल. बाहेरची पानं पोपटी, कडेला झालरीसारखी, आणि आत घट्ट मिटलेला गाभा. मी सुरी घेऊन गेले. बाबा आडवे आले.

"आधी जावई."

नवरा तेव्हा घरी नव्हता. कारखान्याचं जामनगरकडे नवं काम निघालं होतं, तिथे त्याला महिन्याभरासाठी पाठवलं होतं. संक्रांतीला येणार होता.

"अहो पण तो यायला पंधरा दिवस आहेत."

"येऊ देत. हे मी त्यांच्यासाठी लावलंय." मग खुरप्याची माती बोटाने काढत ते म्हणाले, "तुझी आई होती तोवर दर दिवाळीला जावयाला बोलावलं, पाट मांडला, धोंड्याच्या महिन्यात अनारसे दिले. आता मला घर नाही. मी त्यांच्याच घरात राहतो. सासरा म्हणून त्यांना वाढायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

 मी सुरी घेऊन परत आले.

संक्रांत आली. आमच्याकडे ती उत्तरायण असते. गच्च्यांवर माणसं मावत नाहीत आणि आकाशात पतंग मावत नाहीत. नवरा आला नाही. फोन आला की मशिनं सुरू व्हायला वेळ लागतोय, अजून दोन आठवडे. आमच्याकडे फोन नुकताच लागला होता आणि बाबा त्यात अजून पलीकडच्या गावाला हाक मारावी तसे बोलायचे. "जावईबापू! सालीट राखलंय तुमच्यासाठी! पहिलं पान तुमचं!" नवरा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तो 'बरं' म्हणाला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा लारीवर गेलेले असताना मी मागे गेले. दव पडलेलं होतं. शेवटच्या ओळीतल्या, भिंतीकडच्या झाडाचं, समोरून कळणार नाही असं एक पान मी खालून मोडलं आणि तिथेच उभी राहून, न धुता खाल्लं. ते गोड होतं. काकडीसारखं पाणीदार, कडाडकन तुटणारं, आणि शेवटी जिभेवर हलकी गोडी. चाळीस वर्षांत बाबांनी स्वतःच्या हाताने पिकवून मला काही खाऊ घातलं नव्हतं, कारण कचेरीत फायली पिकत नाहीत. आज खाल्लं, तर चोरून. मी तोंड पुसलं आणि शाळेत गेले. कुणाला काही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांचे चार झाले. फेब्रुवारी निम्मा झाला, दुपारचं ऊन टोचायला लागलं. बाबांनी चार काठ्या रोवून त्यांवर आईचं जुनं सुती लुगडं ताणलं, पानांना सावली व्हावी म्हणून. खालची पिवळी पडलेली पानं ते रोज फाटकाशी येणाऱ्या गाईला घालायचे.

"गाईला चालतं, मला नाही?" मी म्हणाले.

"गोग्रास जावयाच्या आधीच असतो," बाबांनी शांतपणे सांगितलं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कलम होतं.

"बाबा, झाडं उंच व्हायला लागली आहेत. तुम्हीच सांगायचात ना, आजोबा बाहेरची पानं सारखी काढायला लावायचे म्हणून? न काढता झाड तसंच राहत नाही."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. गाभा कोवळा आहे अजून."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. भाजीबागेवरच्या माणसाचा मुलगा तो. पण पहिला मान द्यायचा म्हणजे द्यायचा, आणि त्या हट्टापुढे त्यांनी आपली विद्याच बाजूला ठेवली. दुसऱ्या कुठल्या घरात एवढी हातची वस्तू पाहुण्याची वाट बघत म्हातारी होऊ दिली असती, असं मला वाटत नाही. आमच्याकडे चांगल्या बश्यासुद्धा पाहुण्यांची वाट बघत कपाटातच म्हाताऱ्या झाल्या.

नवरा आला तो फेब्रुवारी संपता संपता, एका शनिवारी. उन्हाने रापलेला, चार किलो उतरलेला. रविवारी सकाळी बाबांनी अंघोळ करून, धोतर नेसून सालीट कापलं. झाडं एव्हाना गुडघ्याएवढी झाली होती, मधून जाड दांडा वर आलेला. बाबांनी त्यातली त्यात कोवळी पानं निवडली, पाण्यात बुडवून ठेवली, पंच्यात गुंडाळून झटकली. मग वाटीत मोहरी फेसली, त्यात लिंबू पिळलं, मीठ आणि साखर घातली. मीठ-साखरेसकट सगळं त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुड्या बांधून आणलं होतं. मी तिथेच उभी होते, माझा साखरेचा डबा त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता.  फक्त पोळ्या जाड झाल्या.

बाबांनी स्वतः पाट मांडला. आम्ही एरवी टेबलावर जेवायचो, पण त्या दिवशी पाट, आणि पाटाभोवती चार रेघांची रांगोळी, बाबांनीच काढलेली, वाकडी. जावई पाटावर. मी त्याच्या शेजारी. बाबा समोर आपला डबा उघडून. त्यांनी मोठ्या वाडग्यातून नवऱ्याच्या ताटात सालीट वाढलं, दोनदा, मग माझ्या ताटात थोडं. 

नवऱ्याने पहिला घास घेतला. चावला. त्याचा चेहरा होता तसाच राहिला.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"छान आहे. वाढा अजून."

मी एक पान तोंडात घातलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कडू. कडुलिंबाच्या पाल्याशी बरोबरी करेल इतकं कडू, लिंबू-साखरेला अजिबात न जुमानणारं. माझा स्वभाव असा की मनात आलं की ते तोंडात येतं, मी "बाबा..." म्हणून तोंड उघडलंच, तेवढ्यात नवऱ्याच्या पायाचा अंगठा माझ्या पायावर जोरात दाबला गेला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पोळीचा तुकडा मोडत होता.

बाबा स्वतःसाठी वाडग्यात हात घालणार, तोच नवऱ्याने वाडगं आपल्याकडे ओढलं. नऊ वर्षांत मी त्याला कुणाच्या आधी पाण्याचा पेला उचलताना पाहिलं नव्हतं.

"हे सगळं माझं," तो म्हणाला. "माझ्यासाठी राखलंय ना?"

बाबा इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. "घ्या, घ्या! सगळं तुमचंच आहे!" आणि माझ्या नवऱ्याने ते वाडगंभर सालीट, एकेक पान, शांतपणे चावून संपवलं. मध्ये मोहरीची तारीफही केली. शेवटचं पान वाडग्याला पुसून खाल्लं. मग दोन पेले पाणी प्यायला.

मी माझ्या ताटाकडे बघत बसले होते. त्याच्या प्रत्येक 'बरं'चे मी मनात काय काय अर्थ लावले होते, ते सगळे एकेक करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली असं काही वाटलं की ते मी आजपर्यंत त्याला धड सांगू शकलेले नाही. इथे सांगते. त्या दिवशी मला कळलं की माझं लग्न फार चांगल्या माणसाशी झालं आहे.

दुपारी तो झोपला. मी भांडी घासत होते आणि मोरीच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. बाबा आपल्या ओळींत फिरत होते, खुशीत, हात मागे बांधून. मग वाकले. बहुधा झाडाचा उरलेला शेंडा नीट करायला. त्यांनी एक पान मोडलं, आणि मोडल्या जागी पांढरा चीक आला. ते तो चीक बघत राहिले. मग पान तोंडात घातलं.

पहिल्यांदा त्यांनी ते थुंकलं. मग दुसरं पान मोडून ते पूर्ण चावलं आणि गिळलं. मग बादली उपडी करून तिच्यावर बसले. मी हात पुसून दाराशी गेले, पण पुढे जाववलं नाही. वाटलं, आता हे ट्रंक भरतील. एवढा मान द्यायला गेलो आणि जावयाला विष वाढलं, असं म्हणतील आणि निजामपुऱ्याच्या कुठल्या तरी खोलीत निघून जातील. त्यांना मी ओळखत होते. चार वाजले, लारीवर जायची वेळ झाली, ते उठले नाहीत. पाच वाजले.  मी दोन वेळा चहा टाकला आणि दोन्ही वेळा एकटीच प्यायले.

दिवे लागणीला ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत नाही, उंबऱ्यापर्यंत.

"तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि त्यांना?"

"पहिल्याच घासाला."

त्यांनी चौकट धरली. मग म्हणाले, "तुझं मला ठाऊक आहे. आईने जाण्याआधी सांगितलं होतं."

 इतके महिने मी ज्याला भीत होते ते त्यांना आधीपासून माहीत होतं. "मग डबा कशाला?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "कशाची वाट बघत होतात?"

"वाट नव्हतो बघत." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुझ्या आजोबांनी पाळलं, मी पाळलं. मोडायला काहीतरी कारण लागतं, बाई. मला सापडत नव्हतं." मग, "आज स्वयंपाक काय आहे?"

"खिचडी. मुगाची."

"मग माझंही ताट घे."

या क्षणासाठी मी काय काय ठरवून ठेवलं होतं! श्रीखंड, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, ताट भरून. आणि प्रत्यक्षात घरात होती मुगाची खिचडी, तीही जरा लागलेली, आणि कालचं लोणचं. मी म्हटलं, "थांबा, पटकन शिरा करते." तर म्हणाले, "काही नको. तूप असलं तर वाढ."

टेबलावर आम्ही तिघं बसलो. बाबांनी चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली, आणि माझ्या हातचा पहिला घास तोंडात घातला. मी बघत होते हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मान वर केली नाही. नवरा नेहमीसारखा जेवत होता.

"जावईबापू, कडू होतं," बाबा म्हणाले.

"होतं थोडं."

"मग खाल्लंत कशाला?"

नवऱ्याने लोणच्याची फोड बाजूला केली. "तुम्ही वाढलं होतंत ना," तो म्हणाला.

बाबांनी ताट पुढे केलं आणि माझ्याकडे खिचडी मागितली. पुन्हा वाढली. पुन्हा मागितली.

त्यातली दोन झाडं बाबांनी बी धरायला ठेवली. एप्रिलमध्ये त्यांना बारीक पिवळी फुलं आली, मग म्हातारीसारखी उडणारी बोंडं. पुढच्या वर्षी नवरात्रातच पेरलं, आणि त्या वर्षी पहिलं पान तोडून मला दिलं, अंगणातच, दवासकट. मी तेव्हा त्यांना जानेवारीतल्या चोरीबद्दल सांगितलं. "माहीत होतं," म्हणाले. "मोडल्याची खूण दिसते." बाबा त्यानंतर आठ हिवाळे आमच्याबरोबर होते, आणि आठही हिवाळे आम्ही सालीट वेळेवर खाल्लं, रोज, कुणाचीही वाट न बघता. आता ते मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या डबीत मिळतं. मी अजून अंगणातलंच खाते. बी तेच आहे, दर वर्षी दोन झाडं राखते.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाचं. बारा वाजता मी पोळ्या लाटत होते. स्कूटर थांबली, हॉर्न दोनदा. मी उठणार, तर बाबा आतून आले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. उंबऱ्यापाशी थांबले नाहीत. त्यांच्या हातात खाणावळीचा कालचा रिकामा डबा होता, घासून पुसून लख्ख केलेला. त्यांनी फळीवरचा माझा साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, दोन चमचे साखर त्या डब्याच्या वरच्या पुडात घातली. कुणाचं भांडं परत करताना रिकामं करू नये म्हणून. मग माझ्या डब्याचं झाकण लावलं, डबा होता त्याच जागी ठेवला आणि ते फाटकाकडे गेले.

"उद्यापासून आणू नका," ते डबेवाल्यांना सांगत होते. "घरी जेवतो मी."

साखर घेताना त्यांनी मला विचारलं नव्हतं.